शाळेतल्या जेवणावर वर्तमानपत्रात सदर लिहायचंय? मग हे आधी वाचा

शाळेतलं जेवण सुधारावं म्हणून लिहायला बसलेल्या बहुतेकांचा पहिला लेख एकाच साच्यातला असतो. सुरुवातीला ‘आजची मुले ही उद्याची संपत्ती’, मधे जंकफूडचा निषेध आणि शेवटी शासनाने व पालकांनी लक्ष घालावं ही विनंती. असे लेख छापूनही येतात. पण ते वाचून एकाही शाळेत उसळीतली मटकी वाढत नाही. कुठली शाळा, कुठला दिवस, कमी काय पडलं आणि ते कुणी द्यायचं होतं, यातलं काहीच त्यात नसतं.

मी एका जिल्हा आवृत्तीत सदर लिहिते. शाळेचं जेवण हा विषय त्यात फिरून फिरून येतो आणि नव्याने लिहिणारे त्याबद्दल बरंच विचारतात. सदरलेखकाची शैली म्हणजे भाषेची नक्षी असा अनेकांचा समज असतो. माझ्या मते शैली निम्म्याहून जास्त निवडीत असते. ताटातलं काय दाखवायचं, कुठला आकडा ठेवायचा आणि कुणाला प्रश्न विचारायचा, एवढं ठरलं की वाक्यं आपोआप ताठ उभी राहतात. म्हणून खाली लिहिण्याआधीच्या कामालाच जास्त जागा दिली आहे.

१. तीन जेवणांपैकी एक निवडा

शाळेतलं जेवण म्हटलं की तीन वेगळे विषय एकत्र येतात. पहिला, सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंतच्या मुलांना मिळणारा शालेय पोषण आहार. २०२१ पासून त्याचं नाव ‘पीएम पोषण’ झालं. गावात अजूनही सगळे ‘खिचडी’च म्हणतात. दुसरा, घरून येणारा डबा. तिसरा, शाळेचं कँटीन आणि फाटकाबाहेरची टपरी.

तिन्हींवर एकाच लेखात लिहू नका. पहिल्यात सरकारला जाब विचारायचा असतो, दुसऱ्यात घराशी बोलायचं असतं, तिसऱ्यात शाळेला आणि अन्न व औषध प्रशासनाला धरायचं असतं. आवाज तिन्ही ठिकाणी वेगळा लागतो.

पोषण आहार निवडलात तर एक पार्श्वभूमी पक्की असू द्या. केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली, पण अनेक राज्यांत कोरडं धान्यच वाटलं जायचं. २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं अन्नच द्या असा आदेश दिला. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने ते जेवण मुलांचा हक्क झालं. याचा परिणाम थेट तुमच्या भाषेवर होतो. ‘शासनाने सकस आहार द्यावा ही नम्र विनंती’ हे वाक्य लेखातून काढून टाका. जे कायद्याने द्यायचंच आहे ते का पोचलं नाही, एवढंच विचारायचं असतं.

२. जवळ काय हवं

– राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ ची दुसरी अनुसूची. पोषणाची प्रमाणं त्यात आहेत, एका पानाचं काम आहे.
– मध्यान्ह भोजन नियम २०१५.
– राज्याच्या संकेतस्थळावरून उतरवलेला, पाककृती ठरवणारा ताजा शासन निर्णय. तारीख आणि क्रमांक वहीत लिहून ठेवा.
– शाळेच्या भिंतीवरच्या साप्ताहिक आहार तक्त्याचा फोटो.
– चव नोंदवही (वाढण्याआधी अन्न चाखल्याची नोंद तीत असते) आणि साठा नोंदवही पाहायला मिळाली तर त्यातल्या नोंदी.
– आठवडी बाजारातले डाळ, तेल, भाजीचे त्या आठवड्याचे भाव.
– छोटा वजनकाटा. हा दाखवून शाळेत जाऊ नका, लोक बिचकतात. घरी पन्नास ग्रॅम भाजी मोजून बघा, म्हणजे डोळ्याला अंदाज येतो.
– वही. मोबाइलवर नोंदी करत उभं राहिलात की समोरचा माणूस रेकॉर्डिंग चाललंय असंच समजतो.

कागद मिळत नसेल तर माहिती अधिकार आहे. महाराष्ट्रात अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो आणि उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. राज्याच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि शब्द दीडशेच्या आत. नवख्यांचे अर्ज इथेच अडतात, कारण ते योजनेवरचं भाषण लिहितात. ‘अमुक महिन्यात अमुक शाळेला मिळालेल्या तूरडाळीचं वजन व तारीख’ असं मागा. (सदर लिहिण्याआधी असे दोन-चार अर्ज लिहून पाहावेत असं मला मनापासून वाटतं. गाळायचं काय ते चटकन कळतं.)

३. जेवणाच्या वेळेला शाळेत जा

आधी मुख्याध्यापकांची परवानगी घ्या. तुमचं मूल त्या शाळेत असेल तर शाळा व्यवस्थापन समितीच्या मार्फत जाणं सगळ्यात सोपं. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, त्यामुळे समितीतल्या पालकाला जेवण बघायचंय म्हटलं तर नाही म्हणणं कठीण जातं. मूल त्या शाळेत नसेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र देऊन जा.

वेळेच्या अर्धा तास आधी पोचा. जेवण बघायला आलेले पाहुणे बहुतेक वेळा वाढप झाल्यावर येतात आणि रिकामी पातेली बघून जातात. डाळ किती शिजली, पाणी कुठून आलं, तांदूळ निवडला का, हे सगळं त्याआधी घडतं. मुलांना वाढण्यापूर्वी निदान एका शिक्षकाने अन्न चाखून बघायचं असा नियम आहे. तो घास खरंच घेतला जातो की नुसती वहीत सही होते, हे शांतपणे बघा.

मग मुलं बघा. कोण सगळं संपवतं, कोण भाजी बाजूला काढतं, कोण घरचा डबा उघडतं. उष्टं किती उरलं ते बघायचं राहू देऊ नका. ताटात परत आलेल्या भाजीएवढं खरं कुणीच बोलत नाही. हात धुवायला साबण आहे का? सगळी मुलं एका पंगतीत बसतात का?

शिजवणाऱ्या मावशींशी वेगळं बोला, मुख्याध्यापकांच्या देखत नको. सरकारी कागदावर त्या ‘स्वयंपाकी तथा मदतनीस’ असतात. त्यांच्या मानधनाचं केंद्राचं मूळ प्रमाण २००९ पासून महिना एक हजार रुपये आहे, तेही वर्षातले दहा महिने. राज्यं आपापली भर घालतात. पंचवीस मुलांपर्यंत एक, शंभरपर्यंत दोन आणि पुढच्या प्रत्येक शंभराला एक अशी त्यांची संख्या ठरते. नव्वद मुलांची भांडी दोघीजणी घासतात, हे कळल्यावर ‘स्वच्छतेचा अभाव’ असं सहज लिहायला हात धजत नाही.

इथे एक धोका आहे. एका शाळेत एक दिवस जे दिसलं त्यावर अख्ख्या तालुक्याचा निकाल देऊ नका. शितावरून भाताची परीक्षा होते, योजनेची होत नाही. वेगवेगळ्या वारी जा, जमल्यास शहरातली एखादी शाळाही बघा. शहरांत बऱ्याच ठिकाणी जेवण केंद्रीय स्वयंपाकगृहातून डब्यांत येतं. तिथले प्रश्न वेगळे: अन्न निघालं कधी, पोचलं कधी, गरम होतं का.

४. ताटाचा हिशेब स्वतः मांडा

लेखाचा कणा इथे तयार होतो, म्हणून जरा थांबू.

पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं प्रमाण आहे. सहावी ते आठवीला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम. लहान मुलासाठी कच्चा शिधा असा: तांदूळ १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम. मोठ्यासाठी हीच मापं दीडपट.

आता बेरीज करा. शंभर ग्रॅम तांदळातून साधारण ३५० कॅलरी येतात. म्हणजे ४५० पैकी तीन चतुर्थांशाहून जास्त भाग भातच भरतो. प्रथिनांचंही तसंच: तांदळातून सुमारे सात ग्रॅम, वीस ग्रॅम डाळीतून चार-साडेचार. कागदावरचं प्रमाण भात आणि पातळ वरण यांवरच जवळपास गाठलं जातं, भाजी नावालाही नसली तरी. म्हणून ‘कॅलरी पूर्ण होतात’ हे अधिकाऱ्याचं उत्तर खरं असूनही अपुरं असतं. सकसपणाचा सगळा प्रश्न उरलेल्या भागात आहे: डाळ, मोड आलेली कडधान्यं, पालेभाजी, अंडं. हे एकदा समजलं की तुम्ही ‘निकृष्ट आहार’ असं मोघम लिहीत नाही. ‘भात पुरेसा होता, बाकी काहीच पुरेसं नव्हतं’ असं नेमकं लिहिता.

मग पैसे. तांदूळ केंद्राकडून येतो, त्याची किंमत वेगळी. डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन यांसाठी केंद्राने मे २०२५ पासून प्राथमिकच्या मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे आणि उच्च प्राथमिकला १० रुपये १७ पैसे धरले आहेत. ही रक्कम बदलत असते, लिहिताना ताजी बघा. बाजारात जाऊन हिशेब असा मांडायचा: डाळ १२० रुपये किलो असेल तर वीस ग्रॅमचे २ रुपये ४० पैसे. भाजी पन्नास रुपये किलो असेल तर पन्नास ग्रॅमचे अडीच रुपये. तेल दीडशे रुपये किलोचं, पाच ग्रॅमचे पंचाहत्तर पैसे. झाले ५ रुपये ६५ पैसे. मीठ, मोहरी, हळद आणि गॅस यांना उरले १ रुपया १३ पैसे. ज्या आठवड्यात टोमॅटो किंवा गवार भडकते त्या आठवड्यात भाजी पातळ का होते, याचं उत्तर या पावणेसात रुपयांत आहे.

मात्र ग्रामीण भागात धान्य, डाळ, तेल असा माल बहुधा पुरवठादाराकडून शाळेत येतो आणि भाजीपाला-इंधनाचे पैसे शाळेला मिळतात. त्यामुळे कमी पडलेली वस्तू कुठल्या वाटेने यायची होती हे विचारल्याशिवाय कुणावर बोट ठेवू नका. मुख्याध्यापकाकडे डाळच पोचली नसेल तर त्याच्या ‘निष्काळजीपणा’वरचा तुमचा परिच्छेद फुकट जातो, आणि त्या शाळेचं दारही तुम्हाला बंद होतं.

५. आता लिहा

वर्तमानपत्राच्या सदराला पाचशे ते सातशे शब्द मिळतात. त्यात एक ताट, एक हिशेब, दुसऱ्या बाजूचं म्हणणं आणि एक मागणी एवढंच मावतं. मागण्या दोन झाल्या की वाचकाला एकही लक्षात राहत नाही.

सुरुवात: ‘आधी पोटोबा’ आणि ‘उदरभरण नोहे’ या दोन वाटांनी जाऊ नका. शालेय आहारावरचा दर दुसरा लेख तिथूनच निघतो आणि उपसंपादक पहिल्या ओळीतच जांभई देतो. जे पाहिलं तिथून सुरू करा. नवख्या मसुद्यात असं वाक्य असतं:

‘विद्यार्थ्यांना निकृष्ट दर्जाच्या आहाराचे वितरण करण्यात येत असून याकडे संबंधितांचे दुर्लक्ष होत आहे.’

याऐवजी:

‘तक्त्यावर मंगळवार म्हणजे मटकीची उसळ. ताटात पिवळा भात होता आणि मटकी बोटांवर मोजता येईल एवढी.’

पहिल्या वाक्यात कुणीच काही करत नाही. वितरण आपोआप करण्यात येतं, दुर्लक्ष आपोआप होतं, संबंधित कोण ते कुणालाच ठाऊक नसतं. सरकारी पत्रांची ही सवय आपल्या लिहिण्यातही नकळत शिरते. मसुदा झाला की ‘करण्यात येते’, ‘देण्यात आले’, ‘होत आहे’ असे शब्द अधोरेखित करा आणि प्रत्येक ठिकाणी कुणी, असं विचारा. उत्तर येत नसेल तर ती माहिती तुम्ही गोळाच केलेली नाही.

विशेषणांचंही तेच. निकृष्ट, सकस, पौष्टिक, दर्जेदार हे शब्द काढले तर लेखात काय उरतं ते बघा. पदार्थाचं नाव, वजन, वार आणि वास उरला तर लेख उभा आहे. पदार्थांची नावं तुमच्या भागातलीच ठेवा. घुगऱ्या असतील तर घुगऱ्याच लिहा, ‘कडधान्याची पाककृती’ नको.

उपरोध सदरात चालतो, चालायलाच हवा. पण तो शासन निर्णयावर, तक्त्यावर, ठेक्यावर करा. मावशींवर, बोबड्या बोलण्यावर, मुलाने दोनदा भात मागितला त्यावर कधीही नको. हसू आलं तरी त्या हसण्याची किंमत चुकीच्या माणसाकडून वसूल होते.

ठराविक निकषांची सवयही उपयोगी पडते. स्कॉटलंडमध्ये २०१२ साली एका नऊ वर्षांच्या मुलीने शाळेतल्या जेवणाचे रोज फोटो काढून त्यांना ठरलेल्या मुद्द्यांवर गुण द्यायला सुरुवात केली: चव कशी, घास किती, आरोग्याला किती चांगलं, आणि ताटात केस सापडले का! स्थानिक परिषदेने फोटोंवर बंदी घातली, आणि एवढा गदारोळ झाला की दुसऱ्याच दिवशी ती मागे घ्यावी लागली. तिच्या लिहिण्यात राग नव्हता, तेच चार-पाच प्रश्न रोज होते. सदर नियमित असेल तर असे आपले प्रश्न ठरवून घ्या. तिसऱ्या-चौथ्या लेखापासून वाचक स्वतःच तुलना करायला लागतात.

दुसरी बाजू कशी मांडायची? अंड्याचं उदाहरण घेऊ. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा अंडं आणि न खाणाऱ्यांना केळं देण्याचा निर्णय घेतला. विरोध झाला, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा सरकारी निधी थांबला. यावर लिहिताना अंड्याला विरोध करणाऱ्या पालकाला मागासलेला ठरवून मोकळं होणं फार सोपं असतं. त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत, त्याला पटेल असं आधी लिहा: एकाच पंगतीत अंडं आलं की न खाणाऱ्या मुलाची कुचंबणा होते. मग आकडा ठेवा: एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिनं, म्हणजे लहान मुलाच्या त्या जेवणातल्या अपेक्षेच्या निम्मी, केळ्यात जेमतेम एक. आता वाद श्रद्धेचा न राहता पर्यायाचा होतो. केळ्याऐवजी गूळ-शेंगदाणे का देऊ नयेत, हा प्रश्न दोन्ही बाजूंना ऐकावा लागतो.

६. डबा आणि टपरी

डब्यावर लिहिताना एकच पथ्य: आईला उपदेश करू नका. मराठी पुरवण्यांमध्ये तेवढा साठा भरपूर आहे. सकाळी सहाची लोकल पकडणाऱ्या बाईला ‘थोडंसं नियोजन करा’ हे सांगणारा लेख तिच्या काहीच कामाचा नसतो, आणि डबा बाबाही भरू शकतो हे त्याला सुचलेलंच नसतं. त्यापेक्षा रात्री मळून ठेवता येणारं थालीपिठाचं पीठ, भिजत घातलेले हरभरे, दोन दिवस टिकणारी चटणी असं हातात देता येईल ते द्या.

पाकिटांवर लिहायचं तर लेबल वाचायला शिकवा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, म्हणून पहिले तीन घटक वाचले की पुरे. चार ग्रॅम साखर म्हणजे साधारण एक चमचा. एखाद्या फळांच्या पेयावर शंभर मिलिलिटरला तेरा ग्रॅम लिहिलं असेल तर दोनशे मिलिलिटरच्या खोक्यात साडेसहा चमचे झाले. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर, मध आणि फळांच्या रसातली साखरही धरून, दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, पाचच्या आत असेल तर उत्तम. एवढी एक चौकट लेखाशेजारी टाकली तर पालक ती कापून फ्रीजला लावतात.

टपरीसाठी केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०२० चे विनियम बघा. जास्त चरबी, मीठ वा साखर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून पन्नास मीटरच्या आत मुलांना विकायला मनाई आहे. पण लेख टपरीवाल्याच्या पोटावर येणार नाही हे सांभाळा. तो उकडलेले शेंगदाणे, चणे, काकडी विकायला तयार आहे का, हे त्यालाच विचारा.

७. पाठवण्याआधी

मुलांची नावं आणि चेहरे नकोत, पालकांची परवानगी असली तरी. मावशींचं नावही टाळा. त्यांचं काम एका तक्रारीवर जाऊ शकतं. ज्याच्याबद्दल आरोप आहे त्याचं म्हणणं लेखी विचारा आणि उत्तर आलं नाही तर ‘विचारलं, उत्तर आलं नाही’ असं तारखेसह लिहा. बदनामीचा दावा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली होतो, तेव्हा वही आणि फोटो जपून ठेवा. २०१९ मध्ये उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळ मुलं मीठ-पोळी खाताना दाखवणाऱ्या पत्रकारावरच गुन्हा नोंदवला गेला होता. पुढे पोलिसांनी त्याच्यावरचा ठपका काढला, पण मधले महिने त्याला सोसावेच लागले.

८. पाठवताना

मजकूर युनिकोडमध्ये, ईमेलच्या अंगातच चिकटवलेला. शब्दसंख्या आणि फोन नंबर खाली. एकाच वेळी दोन वर्तमानपत्रांना पाठवू नका. दोन्हीकडे छापलं गेलं तर दोन्हीकडची दारं बंद होतात. मथळा बदलला जाईल, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. जागा कमी पडली तर उपसंपादक शेवटून कापतो, म्हणून मागणी शेवटच्या परिच्छेदात ठेवू नका, मधेच ठेवा.

बालदिनाला सगळेच लिहितात, तो टाळा. जूनमध्ये शाळा उघडतात तेव्हा शिधा पोचला का हा प्रश्न ताजा असतो. सप्टेंबर हा राष्ट्रीय पोषण महिना, तेव्हा अधिकारी उत्तरं देण्याच्या मनःस्थितीत असतात.

९. छापून आल्यावर

कात्रण सगळ्यात आधी त्या शाळेत स्वतः नेऊन द्या. त्यांनी ते दुसऱ्याकडून वाचलं तर पुढची भेट विसरा. एक प्रत व्यवस्थापन समितीला, एक गटशिक्षणाधिकाऱ्यांना, सोबत चार ओळींचं पत्र आणि त्यात तीच एक मागणी.

जेवण मिळालंच नाही अशी तुमची बातमी असेल तर २०१५ च्या नियमांतला अन्नसुरक्षा भत्ता त्या पत्रात जरूर लिहा. धान्य, इंधन किंवा स्वयंपाकी नसल्यामुळे जेवण झालं नाही, तर तेवढं धान्य आणि शिजवण्याचा खर्च पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मुलांना द्यावा लागतो. बऱ्याच पालकांना हे ठाऊक नसतं, शाळांनाही नसतं. सोळा तारखेला फोन करून भत्ता जमा झाला का ते विचारा, आणि मिळेल ते उत्तर पुढच्या सदराच्या पहिल्या ओळीत घाला.